मुलुंड ते सांगली : गाडी नसताना कुत्रीसह बिऱ्हाड हलवण्याच्या नोंदी

४ जानेवारी

काम असं: दोन माणसं, एक कुत्री आणि वन बीएचकेचं सामान मुलुंडहून सांगलीला न्यायचं. स्वतःची गाडी नाही आणि तिथे गेल्यावरही घ्यायची नाही. तारीख फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. मार्चच्या मध्यापासून सांगलीत ऊन चढायला लागतं आणि पुढे पारा चाळिशीला टेकतो. नवी जागा आणि नवं ऊन जनावरावर एकदम टाकायचं नाही. शिवाय पावसाळ्याआधी तीन महिने मोकळे मिळतात. कृष्णाकाठच्या शहरात ते लागतातच.

कुत्री चिंगी. देशी, वय ५, नसबंदी झालेली, वजन १७ किलो, छातीचा घेर ६१ सेंटिमीटर. लिफ्टची सवय आहे, रिक्षाची नाही. जिन्याने उतरताना घाबरते. फटाक्यांना आणि टेम्पोच्या रिव्हर्स हॉर्नला बुजते.

गाडी असली की चुकीच्या जागी घेतलेलं घरही निभावून नेता येतं. नसली की घरापासून पायी पंधरा मिनिटांत काय आहे, त्यावर सगळं ठरतं. म्हणून शोधाचा क्रम उलटा लावला: आधी जनावरांचा दवाखाना, मग फिरायची जागा, मग रिक्षा स्टँड आणि शेवटी घर. नेहमीच्या क्रमाने गेलं तर मालक, भाडं, पाणी हे सगळं जमलेलं असतं आणि दवाखाना पाच किलोमीटरवर निघतो.

६ जानेवारी

प्रवासाचा मार्ग ठरवला. रेल्वेत कुत्रा न्यायचे दोनच रस्ते आहेत. एक, फर्स्ट एसीत आपल्यासोबत. त्यासाठी दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर हवी. दुसरा, गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये. टू टियर, थ्री टियर, चेअर कार, स्लीपर आणि सेकंड क्लासमध्ये मोठ्या कुत्र्याला परवानगी नाही. नोंद न करता नेलेला कुत्रा सापडला तर सामानाच्या दराच्या सहापट आकारणी होते.

डॉग बॉक्स नको, असं ठरवलं. बसका लोखंडी खोका, आत पंखा नाही, आणि अडलं तर रात्रभर जनावरापर्यंत पोचता येत नाही. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर तो कधीच देऊ नये. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो आणि यांना कोंदट जागेत तेच जमत नाही. ज्यांना बॉक्सशिवाय इलाज नाही त्यांनी निदान सुरुवातीच्या स्टेशनवरून चढवावं आणि सांगलीऐवजी मिरज जंक्शनला उतरवावं. मधल्या स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते आणि गार्डचा डबा फलाटाच्या टोकाला असतो. तेवढ्यात कुलूप काढून जनावर उतरवणं ही ओढाताण होते.

गाडी महालक्ष्मी एक्सप्रेस. मुंबईहून रात्री निघते, पुणे, सातारा, कराडमार्गे पहाटे सांगलीला पोचते. कुत्रीच्या दृष्टीने वेळ उत्तम: प्रवासाचा बराच भाग तिच्या झोपेत जातो आणि उतरल्यावर रस्ते रिकामे असतात.

तिकिटं आजच काढली, कारण आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि फर्स्ट एसीत बर्थ मोजकेच असतात. मेख अशी की तिकीट काढताना कूपे मिळतोय की केबिन, हे कळत नाही. ते चार्ट लागल्यावर ठरतं. म्हणून पीएनआर, दोघांची नावं, ‘सोबत एक कुत्रा, कूपे मिळावा’ एवढा मजकूर लिहून विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयात वाणिज्य शाखेला अर्ज दिला आणि पोच घेतली. प्रवासाच्या दोन दिवस आधी हाच अर्ज पुन्हा द्यायचा आहे.

पडती बाजू: दोघांना चारच्या केबिनमध्ये परक्या प्रवाशांसोबत टाकलं तर कुत्री नेता येणार नाही. त्यासाठी ओळखीच्या एका चालकाशी त्या रात्रीच्या भाड्याच्या गाडीचं बोलून ठेवलं. निम्मी रक्कम आगाऊ, दुपारी चारपर्यंत कळवलं तर ती परत. हे पैसे वाया गेले तरी चालतील, इतकी ही सोय मोलाची आहे.

१० जानेवारी, सांगली

दोन दिवस फक्त पायी फिरून जागा पाहिली. माणूस एकटा एक किलोमीटर बारा मिनिटांत चालतो. हुंगत चालणाऱ्या कुत्रीसोबत अठरा धरावीत. सगळी अंतरं अठराच्याच हिशेबाने लिहिली.

गावभाग, गणपती मंदिराच्या आसपासची घरं जुनी, भक्कम आणि बाजाराला लागून. पण नदी जवळ. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांच्या तोंडी आहेत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, मारुती चौक ही नावं प्रत्येक पुराच्या बातमीत येतात. कुत्री असेल आणि गाडी नसेल तर या पट्ट्यात तळमजला घेऊ नये. पाणी चढायला लागलं की रिक्षा बंद होतात, आणि १७ किलोचं भेदरलेलं जनावर कडेवर घेऊन कमरेभर पाण्यातून चालता येत नाही.

‘इथे पाणी येतं का?’ असं विचारू नये. घर दाखवणारा ‘न्हाई’ म्हणतो. ‘२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?’ असं विचारावं, आणि तेही किराणा दुकानदाराला, दूधवाल्याला, समोरच्या आजींना. उत्तर फुटांत, पायऱ्यांत मिळतं: ‘तिसऱ्या पायरीला टेकलं होतं.’ एका घरात नवा रंग होता, पण जमिनीपासून चार फुटांपर्यंत गिलावा फुगलेला आणि विजेच्या मीटरची पेटी हात वर करूनच पोचेल इतकी उंच बसवलेली. तिथे विचारायचीही गरज पडली नाही.

विश्रामबाग, वानलेसवाडी आणि विजयनगर हा मिरजेकडचा भाग तुलनेने उंच. शहर सपाट आहे. साताऱ्यासारखे चढ नाहीत, त्यामुळे पायी आणि सायकलने भागतं. विश्रामबागेत पहिल्या मजल्याचं घर निवडलं. दवाखाना ११ मिनिटं, मोकळं मैदान ७ मिनिटं, रिक्षा स्टँड ४ मिनिटं, सांगली-मिरज रस्त्यावरचा सिटी बसचा थांबा ९ मिनिटं. बस फक्त माणसांसाठी धरली आहे. कुत्रीसाठी बस आणि वडाप (शेअर जीप) दोन्ही हिशेबात नाहीत.

जिना बाहेरून, सिमेंटचा, १६ पायऱ्या, कठडा जाळीचा. दोन गजांमधलं अंतर ११ सेंटिमीटर. चिंगीचं डोकं जाणार नाही. लहान कुत्र्याला मात्र हे धोक्याचं, तिथे शेडनेट बांधून घ्यावं.

११ जानेवारी

मालकांचा पहिला प्रश्न: ‘कुत्रं चावतंय काय?’

याला ‘नाही हो, फार गोड आहे’ असं उत्तर देऊ नये, कारण घाबरलेला कोणताही कुत्रा चावू शकतो. सरळ सांगितलं: ‘काका, आजवर कुणाला चावलेली नाही. नवीन माणसाला आधी लांबूनच भेटवतो. दर वर्षी रेबीजची लस असते, हे पुस्तक.’ पुस्तक हातात दिल्यावर बोलणं पुढे सरकलं.

भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण ते सोसायटीपुरतं. मालक मनातून नाराज असेल तर कायदा दाखवून त्या घरात शिरू नये. रोज जिन्यात गाठ पडते ती मालकाशी.

लिव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. त्यात एक ओळ घालून घेतली: ‘परवानाधारकासोबत एक पाळीव कुत्री (देशी, वय ५ वर्षे) राहील यास मालकाची संमती आहे, तिच्यामुळे झालेली मोडतोड परवानाधारक भरून देईल.’ तोंडी संमतीवर राहिलं की मालकांचा मुलगा पुण्याहून सुट्टीला आल्यावर बोलणं फिरतं. भाडेकरूची पोलिसांकडची नोंद त्याच दिवशी उरकली. महापालिकेकडे कुत्र्याच्या नोंदणीसाठी फोटो, रेबीज लसीची पावती आणि घराचा पुरावा लागेल असं धरून तिन्हींच्या प्रती वेगळ्या ठेवल्या.

१७ जानेवारी

मुलुंडच्या डॉक्टरांकडे. रेबीजची वार्षिक लस मार्चमध्ये येत होती, ती आजच घेतली. एकत्रित लसीच्या कुपीचं लेबल वाचलं: लेप्टोस्पायरोसिस त्यात आहे. सगळ्याच एकत्रित लसींत तो घटक असतोच असं नाही, म्हणून पुस्तकातलं स्टिकर बघावं. पुराच्या, उंदरांच्या, साचलेल्या पाण्याच्या गावात हा आजार कुत्र्याला आणि त्याच्यामार्फत माणसालाही होतो. आधी कधीच दिलेली नसेल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. म्हणजे हे काम निघण्याच्या किमान दीड महिना आधी सुरू व्हायला हवं. ते आठवड्यावर आणलं तर कागद पूर्ण दिसतो, संरक्षण अर्धवट राहतं.

मायक्रोचिप बसवली. १५ आकडी नंबर, मानेमागे कातडीखाली. चिप म्हणजे जीपीएस नव्हे. ती फक्त वाचक यंत्राला नंबर सांगते. त्यामुळे पट्ट्याला पितळी बिल्ला हवाच, आणि त्यावर आजपासूनच सांगलीचा पत्ता व दोन मोबाइल नंबर. जुन्या पत्त्याचा बिल्ला घेऊन नव्या गावात हरवलेला कुत्रा शोधणाऱ्याला चुकीच्या शहरात पाठवतो.

गुंगीच्या औषधाचं विचारलं. डॉक्टरांचं मत आणि आमचंही तेच: निव्वळ गुंगी आणणारं औषध नको. शरीर ढिलं पडतं, भीती तशीच राहते. गरज पडली तर भीती कमी करणारं औषध डॉक्टरांनीच वजनावरून ठरवावं आणि त्याची चाचणी मात्रा आठवडाभर आधी घरी, देखरेखीखाली द्यावी.

२० जानेवारी ते १५ फेब्रुवारी : सराव

या कामाला सगळ्यात जास्त दिवस दिले आणि ते कमी करू नयेत. प्रवास एका रात्रीचा असतो. त्याची सवय लागायला चार आठवडे जातात.

पिंजरा. कूपेत तो लागत नाही, पण नव्या घराचे पहिले दिवस, दवाखान्यातला मुक्काम आणि पुरात बाहेर पडणं या तिन्हींसाठी हवा. माप असं घ्यावं: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी (७५ सेंमी) अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचं निम्मं (२७ चं निम्मं, साडेतेरा), म्हणजे साडेअठ्ठ्याऐंशी सेंमी आतली लांबी. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची उभ्या कुत्र्याच्या कानाच्या टोकापर्यंत (६२) अधिक अंथरूण (३). ३६ इंची घडीचा पिंजरा लांबीला बसला, पण त्याची उंची ६४ निघाली. चिंगी आत मान खाली घालून उभी राहिली. बदलून ४२ इंची घेतला. दुकानदार फक्त वजन विचारून माप देतात. लांब पायांच्या देशी कुत्र्याला ते चुकतं.

पहिले पाच दिवस दार काढूनच ठेवलं आणि जेवणाचं ताट आत सरकवत नेलं. सहाव्या दिवशी दार लावून एक मिनिट, मग तीन, दहा, तीस. ‘रडायला लागली तरी दार उघडायचं नाही’ हा कडकपणा इथे उपयोगाचा नाही. रडली म्हणजे आपण पायरी गाळली. मागच्या वेळेवर परत यावं.

रिक्षा. ओळखीच्या रिक्षावाल्या मामांना अर्ध्या तासाचं भाडं देऊन संध्याकाळी गल्लीत उभं केलं. पहिला दिवस: इंजिन बंद, चढणं-उतरणं, प्रत्येक वेळी उकडलेल्या चिकनचा बोराएवढा तुकडा. दुसरा: इंजिन चालू, गाडी उभी. तिसरा: गल्लीच्या टोकापर्यंत. इथे दोन गोष्टी बिघडल्या. रबरी पायपुसण्यावर नखं घसरली आणि ती सीटवर उडी मारायला लागली. आणि सुटल्यावर ओकली, कारण तासापूर्वीच जेवली होती. उपाय साधे: तळाला दुहेरी गोणपाट, त्याची कड सीटखाली खोचलेली, म्हणजे सरकत नाही. आणि रिक्षाआधी तीन तास पोट रिकामं. बसण्याची जागा सीटवर नाही, माणसाच्या दोन पायांमध्ये, पाठ पुढच्या लोखंडी पत्र्याला टेकून. दोरी गळपट्ट्याला नाही, छातीच्या हार्नेसला, आणि इतकी आखूड की उघड्या बाजूने पाय बाहेर पडू नये. गळपट्ट्याला बांधलेला कुत्रा वळणावर बाहेर लटकला तर फास बसतो. दहाव्या दिवशी एक किलोमीटर, हॉर्नच्या गर्दीतून, तोंड मिटून बसली. तोंड मिटलेलं, कान सैल ही खरी खूण. जीभ लांब काढून धापा टाकणं म्हणजे अजून जमलेलं नाही.

जाळीचं तोंडबंद. पावतीच्या खिडकीवर, फलाटावर कुणी आग्रह धरला तर घालता यायला हवं. पाणी पिता येईल, धापा टाकता येतील असं टोपलीसारखंच घ्यावं. कापडी पट्टीचं तोंड घट्ट आवळतं, उकाड्यात ते चालत नाही. आत दही चोपडून रोज दोन मिनिटं.

जिना. मुलुंडच्या इमारतीत लिफ्ट सोडून रोज एक मजला उतरणं. सांगलीच्या १६ पायऱ्या डोक्यात ठेवून १६ झाल्या की थांबायचं.

उचलणं. डब्याच्या पायऱ्या उंच असतात आणि फलाटाची फट खाली दिसते. तिथे बहुतेक कुत्री अडतात. एक हात छातीखाली पुढच्या पायांच्या मागे, दुसरा मागच्या मांड्यांच्या मागून, पाठ सरळ, कुत्रा आपल्या छातीला लागलेला. पोटाखालून उचललं तर तो झटका देतो. रोज तीनदा उचलून खाली ठेवलं. पाचव्या दिवसापासून अंग ताठ करणं थांबलं.

१६ फेब्रुवारी

सामानाचा टेम्पो. सांगली-तासगावहून बेदाणा, हळद, द्राक्षं घेऊन गाड्या वाशीच्या बाजाराला येतात आणि परतताना माल शोधतात. अशी परतीची गाडी मिळाली तर भाडं बरंच उतरतं. अट एकच: निघायची वेळ त्यांच्या सोयीने एक दिवस मागेपुढे होते. आम्हाला तारीख पक्की हवी होती, म्हणून छोटा हत्ती ठरवला, ताडपत्रीसह. खोकी २६, फ्रिज, कपाट सुटं करून, दोन सायकली, पिंजरा.

टेम्पोत न द्यायच्या वस्तू लाल चिकटपट्टी लावून बाजूला: चिंगीचं अंथरूण (धुवायचं नाही, त्याचा वास हीच तिची ओळखीची जागा), ताटली, चार दिवसांचं खाणं, औषधं, कागदपत्रांची फाइल.

२४ फेब्रुवारी

आरोग्याचा दाखला आज घेतला. प्रवासाच्या अगदी जवळचा लागतो. आठवडाभर जुना दाखला खिडकीवरून परत येतो. त्यावर जात, रंग, लिंग, वय, चिप नंबर, रेबीज लसीची तारीख आणि ‘प्रवासास योग्य’ हे शब्द, सही-शिक्का, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. शिक्का पुसट उमटला होता, तिथेच दुसरा मारून घेतला. तीन प्रती: पार्सल ऑफिस, टीसी, आपली.

२५ फेब्रुवारी

सकाळी ६ ते ७ लांब फेरी. ११ ला जेवण, नेहमीच्या निम्मं. त्यानंतर खाणं नाही, पाणी थोडं थोडं.

दुपारी टेम्पो भरला. बिऱ्हाड हलवताना कुत्रा हातचा जाण्याचा क्षण प्रवासातला नसतो, तो हाच: दार सताड उघडं, हमाल आत-बाहेर, कपाट ओढल्याचा आवाज. चिंगीला सगळ्यात शेवटी रिकामी होणाऱ्या खोलीत, बाहेरून कडी, दारावर मोठा कागद: ‘आत कुत्री आहे. उघडू नका.’ आत अंथरूण, पंखा, आणि हार्नेस व गळपट्टा दोन्ही अंगावर. एक माणूस फक्त त्या दाराशी. त्याने खोकं उचलायचं नाही.

चार्ट दुपारी लागला. कूपे मिळाला. भाड्याच्या गाडीला लगेच कळवलं.

लोकलच्या गर्दीतून कुत्री न्यायची नव्हती, म्हणून स्टेशनपर्यंत टॅक्सी. अॅपवरून बोलावलेल्या दोन गाड्या कुत्री पाहून परत गेल्या. हे गृहीत धरून आधीच फोनवर सांगून ठेवलेली काळी-पिवळी वेळेवर आली. इथे ऐनवेळी प्रयत्न करत बसू नये.

गाडीच्या तीन तास आधी पार्सल ऑफिस. तिकीट, ओळखपत्र, आरोग्य दाखला, लसीचं पुस्तक. रेल्वे ठरावीक वजन धरून सामानाच्या दराने आकारते आणि पावती देते. कूपे लागल्याशिवाय पावती होत नाही, त्यामुळे चार्ट ते गाडी एवढाच अवधी कामाचा. पावतीवर पीएनआर, डबा आणि कुत्र्याचं वर्णन बरोबर आहे ना, खिडकीवरच वाचावं. आमच्या पावतीत पीएनआरचा एक आकडा चुकला होता. तिथल्या तिथे दुरुस्त झाला. गाडीत तो निस्तरला नसता.

गाडी लागण्याआधी स्टेशनबाहेर शेवटची लघवी. डब्याच्या पायरीशी चिंगी अडली, उचलून घेतली. कूपेत रेक्झिनच्या बर्थवर आणि जमिनीवर जुनी चादर, कोपऱ्यात चार घड्यांचं वर्तमानपत्र. पाणी भांड्यात ठेवलं नाही. गाडी वळणावर हेलकावते आणि सांडतं. दर दोन तासांनी बाटलीच्या झाकणातून दिलं. एसीचा झोत जमिनीकडे येत होता, ती थरथरायला लागली, अंगावर टॉवेल टाकला. टीसींनी पावती आणि पुस्तक पाहिलं. दाराची कडी आतून सतत लावलेली, आणि दार उघडताना दोरी आधी हातात. पुण्याला खाली उतरवलं नाही: गर्दी, फलाटावरची कुत्री आणि थोडा वेळ. मोठी निरोगी कुत्री रात्रभर लघवी धरू शकते.

२६ फेब्रुवारी, सांगली

पहाटे उतरलो. रिक्षावाले मामा आदल्या रात्री ठरलेले. ‘गोणपाट घालूनच आणलंय बघा,’ म्हणाले. तिला आधी स्टेशनबाहेर झाडाशी दहा मिनिटं दिली. रिक्षात बसवून मग थांबायचं नाही.

घरी गेल्यावर सगळं घर मोकळं करून दिलं नाही. एक खोली, तिचं अंथरूण, पाणी. टेम्पो साडेनऊला आला. उतरवतानाही तीच कडी, तोच कागद. पाण्याची चव बदलली की पोट बिघडतं, म्हणून मुलुंडचं दोन लिटर पाणी आणलं होतं. निम्मं-निम्मं मिसळून, नळाचं उकळून गार करून. १७ किलोच्या कुत्रीला दिवसाला लिटरभर पाणी लागतं, पहिल्या दिवशी पाव लिटरच प्यायली. खाण्यात पाण्याचा हात सढळ ठेवला. संध्याकाळी लघवी पिवळीधमक, दुसऱ्या सकाळी ठीक.

५ मार्च

गल्लीतली कुत्री. आमच्या कोपऱ्यावर पाच, मैदानाच्या फाटकाशी तीन. आठवडाभर एकच रस्ता, एकच वेळ: पहाटे साडेपाच आणि रात्री दहा. ती बसलेली असतील त्या बाजूने न जाता रस्त्याची दुसरी कड. दोरी दीड मीटर, सैल. ताणलेली दोरी म्हणजे चिंगीची मान वर, छाती पुढे, आणि समोरच्यांना तेच आव्हान वाटतं. दगड उचलायचा नाही. एकदा उचलला की रोज भुंकणं मागे लागतं. चौथ्या दिवसापासून फाटकाशी तिघांपैकी एकच उठला, हुंगून बसला. ही कुत्री कुणाची तरी आहेत. समोरच्या काकू त्यांना भाकरी घालतात. त्यांच्याशी ओळख केली, कुणाची नसबंदी आणि लस झाली हे त्यांना नेमकं माहीत आहे. कानाला खाच असली की ती नसबंदीची खूण.

चावा झालाच तर माणसाची जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. लस ०, ३, ७, १४, २८ या दिवशी. हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

९ मार्च

या गावाची खास धोक्याची वस्तू: द्राक्षं आणि बेदाणा. हंगाम चालू आहे. शेजारून द्राक्षांची पेटी आली, बेदाण्याची पिशवी आली, प्रेमाने आली. कुत्र्याला दोन्ही विषारी. किती खाल्ल्यावर बाधतं याचं भरवशाचं माप नाही, थोड्यानेही मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आधी उलट्या, सुस्ती, मग एक-दोन दिवसांत लघवी कमी होत थांबते. खाल्लेलं दिसलं की लक्षणांची वाट न पाहता दवाखाना. पहिल्या दोन तासांत डॉक्टर उलटी करवू शकतात. घरी मीठ पाजू नये, ते वेगळं विष होतं.

दुसरं, भडंग आणि कांदा-लसूण चटणी. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. रश्शात बुडवलेली भाकरी ही इथली मायेची रीत आहे. मालकांच्या आजी रोज तुकडा ठेवायच्या. त्यांना एवढंच सांगितलं: ‘आजी, कोरी भाकरी घाला, चटणी-रस्सा नको, तिला बाधतं.’ आता त्या तिची भाकरी वेगळी काढतात.

उसाच्या शेताच्या बांधाने फिरवणं बंद. घोणस आणि नाग दोन्ही या भागात आहेत, आणि कुत्रा नाक आधी घालतो.

२२ मार्च

दवाखान्याला पहिली भेट, आजारी नसताना. वजन १६.४, प्रवासानंतर एवढं उतरतं. रात्री कोण डॉक्टर येतात, सलाईनची सोय कुठे, एक्स-रे कुठे, हे विचारून लिहिलं. मोठ्या कामासाठी शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथे जायला भाड्याची गाडीच लागेल, म्हणून चालकाचा नंबर आणि ठरलेलं भाडं फाइलमध्ये. रिक्षावाल्यांचे नंबर तीन: एक पहाटेचा, एक दिवसाचा, एक रात्री उठणारा. तिघांशीही चिंगीची एकेक फेरी झाली आहे.

१८ एप्रिल

सकाळची फेरी साडेसहाच्या आत संपते. संध्याकाळी डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवता आली तरच बाहेर. साडेसातला अजून चटका होता, आठला जमलं. गोचिडीची गोळी दिली, तारीख पुस्तकात. पायांच्या बोटांमध्ये आणि कानांत रोज बोट फिरवून पाहणं चालू.

७ जून

पाऊस लागला. पुराची पिशवी दाराजवळच्या खिळ्याला: पुस्तकाची प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत, चिप नंबर, चिंगीसोबतचा आपला फोटो (ती आपली असल्याचा पुरावा), जास्तीचा हार्नेस व दोरी, तोंडबंद, पाच दिवसांचं खाणं हवाबंद डब्यात, पाच लिटर पाणी, टॉवेल, गोणपाट. पिंजरा घडी करून पिशवीखाली.

हलायचा आकडा ठरवला: आयर्विनला ३८ फूट आणि कोयनेचा विसर्ग वाढतोय अशी बातमी. घर उंचावर असलं तरी ४० नंतर सगळं शहर हलायला लागतं आणि रिक्षा मिळत नाही. कोयनेचं पाणी कराडहून इथवर यायला जो वेळ लागतो, तोच आपला. जायची जागा मिरजेत, कुत्री चालेल असं दोनदा विचारून घेतलेली. रंगीत तालीम आज केली: पिशवी, पिंजरा, चिंगी, खाली स्टँडवर रिक्षा. १४ मिनिटं लागली. पिंजऱ्याची मागची कडी गंजून अडकत होती, तिला तेल दिलं. उद्या पुन्हा वेळ लावून पाहायची.